काठिण्य आणि खळग्याची खोली : एका सूत्राची चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेतील काही शब्द मोठे चिवट असतात. ज्या वस्तूचे नाव म्हणून ते रूढ झाले, ती वस्तू प्रयोगशाळेत सापडेनाशी झाली तरी शब्द आपल्या जागी टिकून राहतो आणि नव्या पिढीला जुन्या वस्तूचा भास घडवीत राहतो. धातुविज्ञानातील ‘काठिण्य’ हा असाच एक शब्द होय. तांब्याचे काठिण्य किती, पोलादाचे काठिण्य किती, असे प्रश्न क्रमिक पुस्तकांतून सहजपणे विचारले जातात आणि त्यांना एका आकड्याचे उत्तर दिले जाते. परंतु एकाच तांब्याच्या तुकड्यावर, एकाच हिऱ्याच्या टोकाने, केवळ भार कमी कमी करीत खळगे पाडले, तर खळगा जितका उथळ तितका काठिण्याचा आकडा मोठा येतो. मायक्रोमीटरच्या घरात ही वाढ दुपटी-तिपटीची असू शकते. मग यांपैकी तांब्याचे काठिण्य कोणते?

ह्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांमध्ये सर्वांत अधिक मान्यता पावलेले उत्तर विल्यम निक्स आणि हुआजिआन गाओ ह्यांच्या १९९८ मधील निबंधात आहे. घनपदार्थांच्या यांत्रिकीला आणि भौतिकीला वाहिलेल्या नियतकालिकाच्या ४६ व्या खंडात तो प्रसिद्ध झाला. त्यातील सूत्र आज ह्या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक निबंधात उद्धृत होते. सूत्राचे भौतिक गुणदोष तज्ज्ञांनी पुष्कळ चर्चिले आहेत. ती चर्चा विचारात घेऊन, ह्या निबंधातील युक्तिवाद कोणत्या शब्दांवर उभा आहे, त्या शब्दांना किती भार पेलतो आणि वाचकांनी त्यांवर पेलण्यापलीकडचा भार टाकला आहे काय, ह्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाषाशास्त्राला धातूच्या खळग्यात डोकावण्याचे कारण काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर पुढील विवेचनातच मिळावे.

२

प्रथम शब्दाकडे पाहावे. ‘कठीण’ ह्या विशेषणापासून ‘काठिण्य’ हे भाववाचक नाम साधले जाते. विशेषणाचे असे नाम झाले की, एक सूक्ष्म बदल घडतो. ‘हे पाते त्या पात्यापेक्षा कठीण आहे’ ह्या वाक्यात दोन वस्तू आहेत आणि त्यांच्यामधला संबंध आहे. ‘ह्या पात्याचे काठिण्य’ असे म्हणताच दुसरी वस्तू नाहीशी होते आणि संबंधाचे रूपांतर पहिल्या वस्तूच्या मालकीच्या गुणात होते. षष्ठी विभक्ती हे काम इतक्या गुपचूप करते की, बोलणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

कारागिराच्या व्यवहारात मात्र दुसरी वस्तू कधीच नाहीशी झालेली नसते. लोहार पाणी दिलेल्या पोलादावर कानस ओढून पाहतो. कानस धरते की घसरते, एवढ्यावर त्याचा निर्णय होतो. तेथे कानशीवाचून कठीणपणा नाही. फ्रीड्रिख मोस ह्यांनी १८१२ मध्ये मांडलेली खनिजांची दहा पायऱ्यांची श्रेणीही ह्याच जातीची आहे. शंखजिरे तळाशी, हिरा माथ्यावर आणि मध्ये प्रत्येक खनिज खालच्यावर ओरखडा उमटविणारे. ही श्रेणी क्रम सांगते, परिमाण सांगत नाही. नववी पायरी तिसरीच्या तिप्पट आहे, असे विधान तेथे निरर्थक ठरते.

क्रमाचा आकडा झाला तो १९०० मध्ये. स्वीडिश अभियंता योहान आउगुस्त ब्रिनेल ह्यांनी पोलादाची कठीण गोळी ठराविक भाराने धातूवर दाबली आणि तो भार खळग्याच्या पृष्ठफळाने भागला. दहा मिलिमीटर व्यासाची गोळी आणि ३००० किलोग्रॅम भार ही जोडी पुढे पोलादाकरिता रूढ झाली. परंतु गोळी खोल जाते तसा खळग्याचा आकार बदलतो. उथळ खळगा बशीसारखा, खोल खळगा वाटीसारखा. म्हणून भार बदलला की आकडाही बदलतो. ऑयगेन मायर ह्यांनी १९०८ मध्ये भार आणि खळग्याचा व्यास ह्यांच्यातील संबंध घातांकाच्या रूपात मांडला. गोळीसाठी हा घातांक साधारणपणे २ आणि २·५ ह्यांच्या दरम्यान पडतो, आणि तो बरोबर २ असेल तरच काठिण्य भारावर अवलंबून राहत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

हा दोष दूर करण्याची युक्ती भूमितीत होती. १९२२ मध्ये स्मिथ आणि सँडलँड ह्यांनी गोळीऐवजी चौरस पायाचा हिऱ्याचा पिरॅमिड वापरण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती पुढे व्हिकर्स ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. पिरॅमिडच्या समोरासमोरच्या पृष्ठांमधील कोन १३६ अंशांचा. पिरॅमिडने पाडलेला लहान खळगा आणि मोठा खळगा एकमेकांशी समरूप असतात. एक दुसऱ्याची लहान प्रतिकृतीच होय. ज्या सिद्धांतात धातूला स्वतःची अशी कोणतीही लांबी ठाऊक नाही, त्या सिद्धांतानुसार समरूप खळग्यांतील सरासरी दाब सारखाच असला पाहिजे. म्हणजे काठिण्य भारावर आणि खोलीवर अवलंबून राहता कामा नये. डेव्हिड टेबर ह्यांच्या १९५१ मधील ग्रंथाने ह्या विचाराला भक्कम पाया दिला. काठिण्य म्हणजे धातूची कायम विकृती सुरू ठेवण्यास लागणाऱ्या प्रतिबलाची जवळजवळ तिप्पट, हे त्यांचे समीकरण आजही कामाला येते.

येथे शब्दाच्या इतिहासातील एक टप्पा पूर्ण झाला. षष्ठी विभक्तीने जे व्याकरणात केले होते, ते पिरॅमिडने प्रयोगशाळेत केले. भार नाहीसा झाला, खोली नाहीशी झाली, आणि काठिण्य हे केवळ धातूचे झाले. निदान तसे वाटू लागले.

३

लहान भारांवर हे टिकले नाही. सूक्ष्म काठिण्यमापनाची उपकरणे प्रचारात आली तेव्हापासूनच उथळ खळग्यांचे आकडे वर चढताना दिसत होते. त्या काळातील अभ्यासकांनी ह्या वाढीकडे कोणत्या शब्दांनी पाहिले, हे लक्षणीय आहे. ती ‘चूक’ होती, ‘दोष’ होता. आणि दोष मानण्यास सबळ कारणेही होती. नमुना घासून गुळगुळीत करताना त्याचा वरचा थर ठोकल्यासारखा कठीण होतो, आणि उथळ खळगा ह्याच थरात पडतो. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा असू शकतो. लहान खळग्याच्या कडा सूक्ष्मदर्शकातून नीट दिसत नाहीत. भार काढल्यावर धातूचा स्थितिस्थापक अंश परत उसळतो. हिऱ्याचे टोक प्रत्यक्षात बिंदू नसून किंचित बोथट असते, त्यामुळे अगदी उथळ खळग्याचे खरे क्षेत्रफळ आदर्श पिरॅमिडच्या हिशोबापेक्षा मोठे असते. ते लहान धरले की काठिण्य फुगते.

ह्या प्रत्येक दोषाचा बंदोबस्त हळूहळू होत गेला. घासण्याऐवजी विद्युत्-रासायनिक पद्धतीने पृष्ठभाग उजळण्यात आला. १९९२ मध्ये ऑलिव्हर आणि फार ह्यांनी भार व खोली सतत नोंदवून, भार उतरवितानाच्या वक्राच्या चढावरून स्पर्शक्षेत्र काढण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. तीत खळगा डोळ्यांनी पाहण्याची गरज उरली नाही आणि टोकाचा बोथटपणाही हिशोबात धरता आला. तथापि आकडे चढतच राहिले. १९९० नंतरच्या दशकात चांदी, टंगस्टन, तांबे अशा निरनिराळ्या धातूंवर, निरनिराळ्या प्रयोगशाळांत, तोच प्रकार दिसला. फ्लेक, म्युलर, ॲशबी आणि हचिन्सन ह्यांनी १९९४ मध्ये तांब्याच्या बारीक तारांना पीळ देऊन दाखविले की, तार जितकी बारीक तितकी ती पिळाला अधिक विरोध करते. त्याच तारा सरळ ओढल्या असता मात्र असा मोठा फरक पडत नाही. हिऱ्याचे टोक नाही, घासलेला पृष्ठभाग नाही, तरी लहानपणाचा परिणाम आहे.

ह्यानंतर ‘दोष’ हा शब्द मागे पडून ‘परिणाम’ हा शब्द रूढ झाला. शब्दातील हा पालट हीच ह्या इतिहासातील खरी घटना होय. दोष हा मापकाचा असतो, परिणाम हा पदार्थाचा असतो. तेच आकडे, तोच वक्र. परंतु त्यांचे उत्तरदायित्व मापकाकडून पदार्थाकडे गेले. ह्या पालटामुळे एक धोका मात्र निर्माण झाला. एकदा ‘परिणाम’ असे नाव मिळाले की, जुने दोषही त्याच नावाखाली बिनबोभाट आश्रय घेऊ शकतात. ह्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

४

निक्स आणि गाओ ह्यांचा युक्तिवाद साधेपणाने मांडता येतो, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. धातू हा स्फटिकमय असतो. त्याची कायम विकृती होते ती अणूंच्या मांडणीतील रेषारूप भंगांच्या सरकण्याने. ह्या भंगांना डिस्लोकेशन म्हणतात. धातूत ती जितकी दाट, तितका त्यांचा परस्परांना अडथळा अधिक आणि धातू तितका बळकट. जेफ्री टेलर ह्यांच्या १९३४ मधील विचाराला अनुसरून असे मानले जाते की, बळ हे ह्या दाटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

आता शंकूच्या आकाराचा खळगा कल्पावा. सपाट पृष्ठभाग उतरता झाला म्हणजे खळग्याच्या पायऱ्या स्फटिकात कोठेतरी सामावल्या गेल्या पाहिजेत. ज्या डिस्लोकेशनांवाचून हा आकार शक्यच नाही, त्यांना ‘भूमितीने आवश्यक’ असे म्हटले जाते. ह्या कल्पनेचे मूळ नाय ह्यांच्या १९५३ मधील निबंधात आहे आणि ॲशबी ह्यांनी १९७० मध्ये तिला विस्तृत रूप दिले. ह्यांखेरीज, विकृती होताना योगायोगाने एकमेकांत अडकून साठणारी डिस्लोकेशने निराळी. त्यांची दाटी विकृतीच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि समरूप खळग्यांत विकृती सारखी असल्यामुळे ही दाटीही सारखीच राहते.

भूमितीने आवश्यक असलेल्या डिस्लोकेशनांची गोष्ट वेगळी आहे. खळग्याची खोली दुप्पट केली, तर त्यांची एकूण लांबी चौपट होते. परंतु ती ज्या अर्धगोलात पसरली आहेत असे मानले आहे, त्याचे घनफळ आठपट होते. म्हणून दाटी निम्मी होते. म्हणजेच दाटी खोलीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. खळगा जितका उथळ, तितकी गर्दी अधिक आणि धातू तितका बळकट. दोन्ही दाटींची बेरीज करून, टेलरचा संबंध आणि टेबरचा तिप्पटीचा नियम लावला की सूत्र हाती येते. काठिण्याचा वर्ग भागिले अगाध खोलीवरील काठिण्याचा वर्ग, हा भागाकार १ अधिक ‘विशिष्ट लांबी भागिले खोली’ ह्या बेरजेइतका असतो. आलेखात काठिण्याचा वर्ग उभ्या अक्षावर आणि खोलीचा व्यस्तांक आडव्या अक्षावर घेतला तर सरळ रेषा मिळावी. तांब्याच्या एकस्फटिकाच्या आकड्यांवरून अशी रेषा खरोखरच मिळाली, आणि तीवरून विशिष्ट लांबी सुमारे १·६ मायक्रोमीटर निघाली.

ह्या आकड्याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. खोली १६ मायक्रोमीटर असता सूत्रानुसार काठिण्य अगाध खोलीवरील मूल्यापेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी अधिक येते. खोली १·६ मायक्रोमीटर असता ते १·४१ पट होते, आणि ०·२ मायक्रोमीटर असता बरोबर तिप्पट. उलट कारखान्यातील नेहमीची व्हिकर्स चाचणी घ्यावी. मऊ तांब्याचे काठिण्य ५० आहे आणि भार १० किलोग्रॅम आहे असे समजले, तर खळग्याचा कर्ण सुमारे ०·६१ मिलिमीटर येतो. खोली कर्णाच्या सातव्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे ८७ मायक्रोमीटर. तेथे वाढ एक टक्काही नाही. पिरॅमिडने खोली नाहीशी केली असे कारखान्याला इतकी वर्षे का वाटले, ह्याचे उत्तर ह्या हिशोबात आहे. खोली नाहीशी झाली नव्हती, ती न दिसण्याइतकी लहान झाली होती.

५

एवढे सामर्थ्य मान्य करूनही काही आक्षेप उरतात. पहिला आक्षेप ‘अगाध खोलीवरील काठिण्य’ ह्या पदाविषयी. अगाध खोलीचा खळगा कोणी पाडलेला नाही. हे मूल्य मोजलेले नाही. रेषा मागे वाढवून ती उभ्या अक्षाला जेथे छेदते, तेथून ते वाचलेले आहे. तरीही पुढील अनेक निबंधांच्या भाषेत धातूचे ‘खरे’ काठिण्य म्हणून हेच मूल्य वावरते, आणि प्रत्यक्ष मोजलेला प्रत्येक आकडा त्याची विकृत छाया ठरतो. ‘काठिण्य’ ह्या नामाला एक निरपेक्ष वस्तू हवी होती. ती प्रयोगात न सापडल्यामुळे छेदबिंदूत शोधण्यात आली. छेदबिंदू निरर्थक आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. त्याला सूत्रात स्पष्ट अर्थ आहे, पण तो सूत्राच्या सत्यतेवर अवलंबून आहे, हे विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप ‘विशिष्ट लांबी’ ह्या पदाविषयी. ‘विशिष्ट’ म्हणताच वाचकाला ती धातूची लांबी वाटते. परंतु सूत्र उलगडले तर तीत धातूचा दृढता गुणांक आणि अणूंमधील अंतराशी निगडित असा बर्गर्स सदिश ह्यांच्या जोडीला हिऱ्याच्या टोकाचा कोन आहे आणि स्वतः अगाध खोलीवरील काठिण्यही आहे. टोक अधिक निमुळते केले की लांबी वाढते. तोच धातू ठोकून कठीण केला की लांबी घटते. लेखकद्वयाने हे निबंधाच्या सारांशातच स्वच्छपणे सांगितले आहे, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. त्याच निबंधात पुढे त्यांनी टोकाच्या आकाराशी संबंध नसलेली दुसरी एक लांबी विकृतीच्या प्रवणतेच्या नियमात मांडली आहे. दोष आहे तो पहिल्या लांबीला दुसरीचा मान देणाऱ्या वाचकांचा. तथापि एकाच ‘विशिष्ट लांबी’ ह्या नावाखाली दोन भिन्न राशी वावरल्या, तर वाचकाची गफलत अनपेक्षित म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप ‘आवश्यक’ ह्या शब्दाविषयी, आणि तो सर्वांत गंभीर आहे. भूमितीने आवश्यक आहे ती डिस्लोकेशनांची एकूण लांबी. ती कोठे राहावीत, हे भूमिती सांगत नाही. ती खळग्याच्या त्रिज्येच्या अर्धगोलातच राहतात, हे गृहीत आहे. परंतु ‘आवश्यक’ ह्या शब्दाची अधिकारवाणी लांबीवरून घनफळावर नकळत सरकते, आणि गृहीतालाही अपरिहार्यतेचा रंग चढतो. प्रत्यक्षात एकाच जातीची डिस्लोकेशने परस्परांना दूर लोटतात. अतिशय उथळ खळग्यात ती अर्धगोलाबाहेर पसरण्याचा संभव मोठा असतो. मग दाटी हिशोबापेक्षा कमी आणि काठिण्यही कमी. आणि नेमके असेच दिसून आले आहे. मायक्रोमीटरच्या दशांशाच्या आसपास व त्याखाली अनेक धातूंचे मोजलेले आकडे निक्स-गाओ रेषेच्या खाली वाकतात. फार, हर्बर्ट आणि गाओ ह्यांनी २०१० मधील आपल्या चिकित्सक आढाव्यात ही अडचण सविस्तर मांडली आहे. 

आलेखाच्या निवडीतही एक मोह दडलेला आहे. आडव्या अक्षावर खोलीचा व्यस्तांक घेतला की, खोल खळग्यांचे सर्व बिंदू डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहतात आणि मोजके उथळ बिंदू आलेखभर ऐसपैस पसरतात. रेषेचा चढ ठरतो तो मुख्यतः ह्या उथळ बिंदूंवर, आणि मापनाचे जुने दोष ज्यांना सर्वांत अधिक बाधतात ते बिंदूही हेच. म्हणून रेषा सरळ आली एवढ्यावरून तिच्यामागचे कारण सिद्ध होत नाही. खळग्याच्या काठाशी धातू उचलून येण्याचा दोष मात्र निराळ्या प्रकारचा आहे. ऑलिव्हर-फार पद्धतीला हा उचललेला काठ दिसत नाही आणि क्षेत्रफळ कमी भरते. परंतु समरूप खळग्यांत हा दोष सर्व खोल्यांवर जवळजवळ सारख्याच प्रमाणात असावयाचा. तो रेषेला मुख्यतः वर उचलतो, वाकवीत नाही. अशा रीतीने प्रत्येक दोष वेगळा काढून पाहणे हाच ‘परिणाम’ ह्या ऐसपैस शब्दावरील उतारा होय.

चौथा आक्षेप ‘खोली’ ह्याच शब्दाविषयी. स्वाडेनर, जॉर्ज आणि फार ह्यांनी २००२ मध्ये निरनिराळ्या आकारांच्या टोकांची तुलना प्रसिद्ध केली. गोल टोकाच्या बाबतीत लहानपणाचा परिणाम खोलीशी निगडित नसून गोलाच्या त्रिज्येशी निगडित आहे, असे त्यांनी दाखविले. लहान गोळीने मोजलेले काठिण्य मोठ्या गोळीच्या काठिण्यापेक्षा अधिक. त्याच गोळीने खोल खोल जावे, तर विकृती वाढत जाऊन, ठोकल्याने बळकट होणाऱ्या धातूचे काठिण्य वाढूही शकते. म्हणजे पिरॅमिडखाली खोलीबरोबर घटणारी राशी गोळीखाली खोलीबरोबर वाढू शकते. तेव्हा ‘काठिण्य खोलीवर अवलंबून असते’ हे विधान सर्वसामान्य नियम म्हणून टिकत नाही. मूळ कारण आहे ती विकृतीची प्रवणता. पिरॅमिडखाली ती खोलीने मोजली जाते, गोळीखाली त्रिज्येने. खोली ही तिची केवळ एक प्रतिनिधी आहे.

आणि प्रवणता तरी एकमेव कारण आहे काय? युचिक, डिमिडुक, फ्लोरँडो आणि निक्स ह्यांनी २००४ मध्ये निकेलचे अत्यंत बारीक स्तंभ सरळ दाबून पाहिले. तेथे बाहेरून लादलेली लक्षणीय प्रवणता नाही, तरीही लहान स्तंभ अधिक बळकट ठरले. इतक्या लहान घनफळात डिस्लोकेशनांचे उगमच मोजके असतात, आणि बळ ठरते ते गर्दीने नव्हे, तर दुर्भिक्षाने. अतिशय उथळ खळग्याखाली एखादेही डिस्लोकेशन नसण्याचा संभव असतो. अशा वेळी टोक बराच वेळ स्थितिस्थापकपणे रुतते आणि मग एकाएकी खाली झेप घेते. गर्दी आणि दुर्भिक्ष ही दोन परस्परविरुद्ध कारणे एकाच दिशेचा परिणाम घडवितात. ‘जितके लहान तितके बळकट’ ह्या सुटसुटीत वचनाने ती दोन्ही एकाच पिशवीत घातली जातात. निबंधाच्या शीर्षकाच्या पूर्वार्धात ‘परिणाम’ हा शब्द अनेकवचनी आहे आणि उत्तरार्धात ‘नियम’ हा एकवचनी आहे. अनेकवचनाकडून एकवचनाकडे जाण्याची ही घाई निबंधाची शक्तीही आहे आणि त्याची मर्यादाही.

६

ह्या चिकित्सेतून पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? पर्सी ब्रिजमन ह्यांनी १९२७ मध्ये असे प्रतिपादिले की, संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्याच्या क्रियांचा समूह. हे मत अक्षरशः मानले तर ब्रिनेलचे एक काठिण्य, व्हिकर्सचे दुसरे, आणि प्रत्येक भाराचे तिसरे, असा काठिण्यांचा बाजार भरेल. त्याला दुजोरा देणारी उदाहरणेही आहेत. व्हिकर्स पद्धतीत भार खळग्याच्या तिरप्या पृष्ठफळाने भागतात, तर उथळ खळग्यांच्या आधुनिक मापनात सपाट छायेच्या क्षेत्रफळाने. त्यामुळे एकाच खळग्याचे पहिले काठिण्य दुसऱ्याच्या ०·९२७ पट भरते. परंतु केवळ क्रियांचा समूह म्हटल्याने, एका क्रियेचा आकडा दुसऱ्या क्रियेच्या आकड्याशी का जुळतो अथवा का जुळत नाही, हे कळत नाही. निक्स-गाओ सूत्राचे महत्त्व येथेच आहे. भिन्न खोल्यांवरील भिन्न आकड्यांना ते एका नात्यात बांधते. हे नाते अपुरे असेल, तरीही ते नाते आहे.

ह्याहून सोयीची दृष्टी संस्कृत वैयाकरणांच्या परंपरेत उपलब्ध आहे. ‘पिता’, ‘पुत्र’ ह्यांसारख्या शब्दांना ते संबंधिशब्द म्हणतात. ‘पिता’ म्हणताच ‘कोणाचा?’ ही आकांक्षा उत्पन्न होते, आणि ती पुरी झाल्याखेरीज अर्थ पूर्ण होत नाही. ‘काठिण्य’ हा शब्द रूपाने गुणवाचक आणि अर्थाने संबंधिशब्द आहे. कशाचे, एवढ्याने त्याची आकांक्षा भागत नाही. कोणत्या टोकाने, किती भाराने, किती खोलीवर, हेही त्याला हवे असते. कारकांच्या भाषेत सांगावयाचे तर, धातू हे अधिकरण आहे, हिरा हे करण आहे, आणि करण वगळून क्रियेचे वर्णन पुरे होत नाही. प्रमाणभूत मापनपद्धतींनी हे पूर्वीच ओळखले होते. व्हिकर्सच्या आकड्यापुढे ‘एच्. व्ही. ३०’ किंवा ‘एच्. व्ही. ०·१’ असे लिहितात, तेव्हा अखेरचा अंक भार सांगतो. उपकरणांकित काठिण्यमापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकानेही ०·२ मायक्रोमीटरपर्यंतच्या खोलीला स्वतंत्र श्रेणी दिली आहे. चिन्हाने जे सांभाळले, ते गद्याने सांडले. आकडा कोष्टकातून वाक्यात येताना पहिली गळती होते ती ह्या शेपटाचीच.

ही गळती केवळ शैलीचा प्रश्न नाही. पोलादावर चढविलेल्या एक मायक्रोमीटर जाडीच्या कठीण लेपाचे उदाहरण घ्यावे. खालच्या धातूचा आधार आकड्यात मिसळू नये म्हणून खळगा लेपाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून खोल नसावा, असा सामान्य संकेत आहे. म्हणजे खोली ०·१ मायक्रोमीटर. परंतु ह्याच पट्ट्यात लहानपणाचा परिणाम प्रबळ असतो आणि सूत्र डळमळू लागते. खोल जावे तर पोलाद बोलते, उथळ राहावे तर लहानपण बोलते. अशा ठिकाणी ‘लेपाचे काठिण्य अमुक’ असे एका आकड्याचे वाक्य लिहिणारा अभ्यासक खोटे बोलत नसतो, पण अर्धे वाक्य बोलत असतो. ते वाक्य पुढे ज्याच्या हाती जाते, तो अभियंता त्यावर हत्याराचे आयुष्य ठरवितो. खोली बदलत बदलत घेतलेली आकड्यांची मालिका आणि तिच्यासोबत टोकाचा आकार, एवढे दिले तरच त्याला निर्णयाचा आधार मिळतो.

मराठीतून शास्त्र लिहिणाऱ्यांना ह्यात एक विशेष संधी आहे. परिभाषा अजून पुरती गोठलेली नाही. ‘काठिण्य म्हणजे खळगा पडण्यास पदार्थाचा होणारा विरोध’ ह्या क्रमिक व्याख्येत ‘अमुक आकाराच्या टोकाने, अमुक खोलीचा’ एवढे शब्द घातले तर व्याख्या लांबेल, परंतु खरी होईल. ‘तांब्याचे काठिण्य’ ह्याऐवजी ‘तांब्याचे अमुक खोलीवरील काठिण्य’ असे लिहिण्याची सवय विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून लागली, तर पुढे उथळ खळग्याचा आकडा चढलेला पाहून तो उपकरणाला दोष देणार नाही आणि निसर्गात नवा नियम सापडला म्हणून हुरळणारही नाही. तो आधी विचारील की, हा आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे.

निक्स आणि गाओ ह्यांचा निबंध ह्या विषयातील श्रेष्ठ निबंधांपैकी आहे, ह्यात संशय नाही. अनेक वर्षे दोष म्हणून झिडकारलेल्या आकड्यांना त्याने कारण दिले आणि ते कारण तपासता येईल इतक्या नेमक्या रूपात मांडले. त्याच्या मर्यादा नंतरच्या प्रयोगांना दाखविता आल्या, ह्याचे श्रेयही त्या नेमकेपणाला आहे. त्यातील सरळ रेषा वापरताना तिच्या दोन्ही टोकांचे भान ठेवावे, एवढेच मागणे आहे. एका टोकाला, अगाध खोलीवर, कोणी पोहोचलेले नाही. दुसऱ्या टोकाला, शून्य खोलीकडे, सूत्र अनंत काठिण्य सांगते आणि धातू ते देत नाही. ह्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात रेषा विश्वासार्ह आहे, आणि काठिण्याविषयी अर्थपूर्ण बोलता येते ते तेथेच, खोलीचा उल्लेख करून.